निसर्गतः

यादी ग्रुपवर आली तेव्हा सादिका जेवणाचा डबा उघडत होती. एका हातात झाकण, मोबाइल मांडीवर, आणि मोकळ्या अंगठ्याने ती ते पान वर सरकवत गेली. वेतनदर निश्चिती समिती. सरकारी कार्यशाळांतल्या कामगारांची प्रस्तावित वर्गवारी. फिटर, कुशल. टर्नर, कुशल. वेल्डर, कुशल. रंगारीसुद्धा कुशल. मोटर वाइंडर सापडायला बरंच खाली जावं लागलं, आणि तिथे लिहिलं होतं, अर्धकुशल. तिला वाटलं ओळ चुकली. मोबाइल आडवा धरून तिने ती ओळ बोटाने डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत नेली. शेवटचा रकाना कारणांचा होता. ‘बैठे काम. वजन उचलणे नाही. औपचारिक प्रशिक्षण नाही. हस्तकौशल्य निसर्गतः (स्त्री कर्मचारी). चाकण औद्योगिक क्षेत्रातील समतुल्य काम : कंत्राटी हेल्पर.’ शेजारच्या स्टुलावर सोजराबाई भाकरी मोडत होती. “काय गं आलंय?” तिने विचारलं. सादिकाचं बोट अजून त्या रकान्यावर होतं. तो कंस तिला दिसत होता. स्त्री कर्मचारी हे दोन शब्द कुणीतरी कंसात ठेवले होते, जणू बाकीच्या ओळीचा खुलासा त्यातच होता. तिने झाकण परत डब्यावर बसवलं. ते नीट बसेना. तिने तळहाताने त्यावर मारलं तसं लोखंडी टेबल वाजलं आणि पलीकडे फिटरांच्या टेबलाशी बसलेली माणसं वळून बघायला लागली.

तेवीस वर्षं ती या शेडमध्ये मोटर भरत होती. पिंपरीत हमरस्त्यापासून आत असलेल्या या कार्यशाळेत सरकारी इमारतींचे पंप येत, लिफ्टच्या मोटरी येत, वसतिगृहांचे पंखे येत. आलेली मोटर जळलेली असे. फिटर तिची खोळ उघडून आतला लोखंडी गोळा बाहेर काढून देत, आणि त्यानंतर ती सादिकाची किंवा सोजराबाईची. आतल्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे बसवलेले असतात. जळालेले वेढे काढायचे आणि नवे भरायचे, एवढंच ते काम, असं कुणालाही वाटावं. पण काढताना वाचावं लागतं. कुठल्या खाचेतून तार निघाली, कुठे गेली, कुणाला जोडली, याचा नकाशा कुणी पाठवत नाही. आधीच्या कारागिराने काय केलं होतं ते त्या काळ्या, व्हार्निशचा वास मारणाऱ्या गुंत्यातून ओळखायचं, आणि त्यानेच चूक केली असेल तर तीही ओळखायची. भरताना तारेवरचं लाखेसारखं आवरण नखाएवढंही खरवडलं तर मोटर महिनाभर चालते आणि मग एका सकाळी धूर काढते. त्या यादीत वजन उचलण्यासाठी रकाना होता. वाचण्यासाठी नव्हता.

“ताई, टायपिंगची चूक असेल हो,” विलास हातात ताटली घेऊन तिच्या टेबलापाशी आला. तो फिटर होता, चौदा वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर. “मी विचारतो ऑफिसात.”

“तुझ्या ओळीत आहे का चूक?”

“माझ्या ओळीत...” तो थांबला. “माझं बरोबर आलंय.”

“मग माझ्याच ओळीवर येऊन टायपिंग चुकलं का रे त्यांचं?”

विलास वाईट माणूस नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. तिला डेंग्यू झाला होता तेव्हा याच्या बायकोने आठ दिवस डबा पाठवला होता. जड मोटर आली की हा न सांगता चेन-पुली घेऊन यायचा. राग त्याच्यावर काढावा तर तो तिथे टिकत नव्हता आणि काढू नये तर तो कुठेच बसत नव्हता. दुपारभर तिने एका पंख्याची मोटर भरली, आणि प्रत्येक वेढ्यागणिक तो शब्द तारेबरोबर आत जात राहिला. निसर्गतः. झाडाला पान येतं तसं. गाईला दूध येतं तसं. तिच्या बोटांना तांबं येतं.

पाहणी करायला माणूस फेब्रुवारीत आला होता. गणराज त्याचं नाव, समितीचा पाहणी अधिकारी, अठ्ठावीसेक वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. बोलायला चांगला होता, बसायच्या आधी ‘बसू का’ असं विचारलं होतं त्याने. वीस मिनिटं तो तिच्यासमोर बसला. किती वेळ उभं राहता? किती किलो उचलता? गरम वस्तूंशी संबंध? किती हत्यारं? तिने टेबलावरचं सगळं दाखवलं. एक कात्री, एक लाकडी हातोडी, बांबूची पट्टी, दोऱ्याची रिळं. ती भाजी निवडावी तशी काम करत होती आणि त्याच्याशी बोलत होती, पाहुणा आला म्हणून थोडी जास्तच सफाईने. तो म्हणाला होता, “किती सहज करता हो तुम्ही.” तिला ते आवडलं होतं. आता स्टुलावर बसल्या बसल्या तिला ते आठवलं आणि पायाच्या अंगठ्यापासून लाज वाटली. सहज दिसावं म्हणून तिने तेवीस वर्षं घातली होती आणि सहज दिसलं म्हणूनच ते काम अर्धं झालं होतं. तिने त्याच्यासमोर दोनदा तार तोडायला हवी होती. बोट कापून घ्यायला हवं होतं. त्याच्या टॅबवर रक्त सांडलं असतं तर धोक्याच्या रकान्यात काहीतरी पडलं असतं.

तिची अम्मी, रोशनबी, कासारवाडीच्या एका खोलीत पंख्याच्या कॉइली भरायची. बार्शीहून आल्यावर अब्बांना काम मिळेपर्यंत म्हणून तिने ते धरलं, आणि अब्बांना काम मिळालं तरी सुटलं नाही. पिंपरी कॅम्पातला एक व्यापारी लाकडी साचा आणि तारेचं रीळ द्यायचा. सादिका आठ वर्षांची असताना अम्मीने तिला समोर बसवलं. साचा फिरवायचा आणि वेढे मोजायचे, मोठ्याने. अम्मी मुद्दाम मधेच बोलायची. शाळेत काय झालं, खालच्या मजल्यावर कोण आलं, पाणी भरलं का. उत्तर द्यायला गेलं की आकडा सुटायचा, आणि आकडा सुटला की सगळी तार उलटी काढायला लागायची. “गिनती नक्को छोड,” अम्मी म्हणायची आणि पाठीत चापट बसायची. तार बोटाच्या पेरावरून पळत जायची आणि तिथे चीर पडायची, त्याच जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा. तारेला ओरखडा आहे का हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अम्मी तार ओठांवरून फिरवायची. ओठ फसत नाहीत. सादिकाला ते यायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं तिच्या ओठांच्या कोपऱ्यात फोड असायचा आणि वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसायच्या नाहीत. पन्नाशीत अम्मीचे अंगठे वळेनासे झाले. कुर्त्याची बटणं सादिका लावून द्यायची, आणि अम्मी मान वर करून छताकडे बघत उभी राहायची, लहान मुलासारखी, कारण तिला स्वतःचे हात बघायचे नसत. निसर्गाने दिलेले हात निसर्ग असे परत घेतो का?

घरी एहसानने यादी वाचली. त्याचं काळेवाडीत दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याच्याकडेही कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. काका शौकत यांच्या हाताखाली शिकला आणि चार वर्षांत सगळा रस्ता त्याला उस्ताद म्हणायला लागला. मर्दाची बोटं जात्याच पान्यासाठी असतात असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तो चिडला, मनापासून चिडला, आणि लगेच कागद घेऊन बसला. सादिकाला त्याचं हे लगेच कागद घेऊन बसणंही त्या दिवशी खटकलं. हरकत नोंदवायला दहा दिवसांची मुदत होती.

“मुद्दा सोपा आहे,” तो म्हणाला. “त्यांनी तुला चाकणच्या पोरींशी जोडलंय. तिथे मशीन कॉइल भरतं, पोरी नुसतं बटण दाबतात. हे लिही. सगळी तुलना उडते.”

“खरंच नुसतं बटण दाबतात?”

“कंत्राटी पोरी आहेत, सादिका. दुसरं काय करणार?”

तिने लिहिलं. ‘चाकण येथील कामगार मुली केवळ यंत्राचे बटण दाबतात. त्यांचे काम अकुशल असून माझ्या कामाशी त्याची तुलना करणे अन्यायाचे आहे.’ लिहिताना बरं वाटलं. राग दुपारपासून नुसता छातीत फिरत होता, त्याला पहिल्यांदा खाली उतरायला जिना मिळाला, आणि जिन्याच्या तळाशी कुणी उभं आहे का हे तिने पाहिलं नाही. सोजराबाईला तिने सही करायला सांगितली. “माझी तीनच वर्षं राहिल्यात बाई,” सोजराबाई म्हणाली, “मी कुठं भांडत बसू?” अर्ज एकटीच्या नावाने गेला.

सुनावणीची तारीख आली. एहसान म्हणाला की पुरावा न्यायला हवा, कुणाकडून तरी आतला व्हिडिओ मिळव. त्यांच्या चाळीत वरच्या मजल्यावर पिंकी राहायची, लातूरकडची, चोवीस वर्षांची, चाकणला एका मोटरच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. तिचं काम स्वतः बघावं, जमलं तर व्हिडिओ घ्यावा, म्हणून सादिकाने रजा टाकली आणि भोसरीहून चाकणची बस धरली. मोशीच्या पुढे रस्ता कंटेनरांनी भरलेला होता. बस हलायची, थांबायची. खिडकीतून एकामागून एक कुंपणं दिसत होती, गवत कापलेली हिरवळ, झेंडे, आत पांढऱ्या लांब इमारती, कुठे माणूस नाही. या भिंतींच्या आत कुठेतरी तिची किंमत ठरली होती, आणि ठरवणारा तिच्या शेडपेक्षा इथे जास्त वेळ बसला असणार, वातानुकूलित खोलीत, बिस्किटांच्या बशीसमोर. खराबवाडीच्या पुढे उतरून ती गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबली. तीन वाजता शिफ्ट सुटली आणि निळ्या अॅप्रनमधल्या मुली झुंडीने बाहेर आल्या. त्यांच्याकडे बघताना तिच्या मनात आलं, ह्या. ह्यांच्यामुळे. ते तिने मनातल्या मनात स्पष्ट शब्दांत म्हटलं.

“मावशी! तुमी कशाला आलाव हितं?” पिंकी धावत आली.

“तुझं काम बघायला.”

“आत न्हाई सोडत. मोबाइल बी गेटवरच काढून घेत्यात.”

“मग तोंडाने सांग. मशीन कॉइल भरतं ना? तुम्ही काय करता?”

“मशीन टाकतंय की. पर शेवटचे वेढे बसत न्हाईत त्याला, वर येत्यात फुगून. ते आमी दाबून बसवताव. मग कागद घालायचा, मग दोऱ्यानं बांधायचं.”

“दाबता कशाने?”

“पट्टी दिल्याली हाय. पर पट्टीनं वेळ लागतोय, लाइन पुढं पळती. मग बोटानंच.”

तिने अंगठा पुढे केला. सादिकाने तो हातात घेतला. नखाच्या खाली, आतल्या बाजूला, तिरकी चीर होती, जुनी, कडा पांढऱ्या पडलेली, आणि तिच्यावर नवी लाल. ही जागा सादिकाला ठाऊक होती. असाच अम्मीचा अंगठा तिने ओल्या फडक्याने पुसला होता, त्याला तेल लावलं होतं, त्याला न जमणारी बटणं लावून दिली होती. तिने पिंकीचा हात सोडला नाही. टपरीवाला चहा घेऊन उभा राहिला तरी सोडला नाही.

“किती दिवसांत जमलं?”

“चार महिने लागले. पैल्या महिन्यात रोज रडत हुते. मला धरून बारा जनी लागल्या हुत्या, तिघी राहिलाव. तार खरवडली की पीस वापस येतोय, समद्यांसमोर नाव पुकारत्यात.”

“घेताना काय म्हणाले होते?”

“बायकाच पाहिजेत म्हनले. पोरांची बोटं जाड. बायकांना हे उपजतच येतंय म्हनले.” पिंकी हसली. मग तिने विचारलं, “मावशी, मागं ते टॅबवाले साहेब आलते, सरकारी. तुमच्यातलेच हुते का? आमचं काय लिहून नेलं त्यांनी?”

“तुम्हाला विचारलं नाही?”

“आमाला कोन इचारतंय? ठेकेदारानंच सांगितलं समदं. काचंतनं बघितलं आमाला, आन गेले.”

सादिका तिला काहीच सांगू शकली नाही. आपण काय लिहून दिलंय हे तर नाहीच. परतीच्या बसमध्ये तिला उभं राहावं लागलं आणि दांडीला धरलेला तिचा हात घामाने घसरत राहिला. गणराजने निदान वीस मिनिटं समोर बसून पाहिलं होतं. तिने तर काचेतूनही पाहिलं नव्हतं. एक ओळ, एक सही, आणि तिने त्या बारा मुलींना, रोज रडणाऱ्या आणि सोडून गेलेल्या नऊ जणींसकट, बटणावर नेऊन ठेवलं होतं. राग वाढला, पण त्याचं तोंड फिरलं. आधी तो शब्दावर होता, मग त्या मुलींवर, आता तो या सगळ्या रचनेवर होता, जिच्यात एका बाईचा दर वर न्यायचा तर दुसरीच्या डोक्यावर पाय द्यावा लागतो, आणि तो पाय द्यायला तिला कुणी सांगावंही लागलं नव्हतं.

सुनावणी पिंपरीतल्याच एका सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे समितीचे अध्यक्ष नानासाहेब ढमाले बसले होते, निवृत्त अधिकारी, पांढरे केस, शांत आवाज. बाजूला गणराज टॅब घेऊन. नानासाहेबांनी तिला पाणी मागवलं.

“तुमचा अर्ज मला आवडला,” ते म्हणाले. “मुद्देसूद आहे. चाकणच्या मुली फक्त बटण दाबतात, हा तुमचा मुद्दा. तेवढा आज कायम करा. मग तुमचं पदनाम आपण वाइंडर-फिटर करू आणि कुशल वर्ग देऊ. प्रश्न मिटला.”

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. क्षणभर तिला घर दिसलं, एहसानचा चेहरा दिसला.

“सोजराबाईंना पण?”

“त्यांची हरकत आलेली नाही.”

“आणि चाकणच्या मुली?”

“त्या आपल्या अखत्यारीत येत नाहीत. नोंदीत एवढंच येईल की ते काम हेल्परचं आहे.”

“ते वाक्य काढा,” सादिका म्हणाली.

“कुठलं?”

“बटणाचं. मी न बघता लिहिलं. आता विचारून आले. मशीन जिथे थांबतं तिथून त्यांचं काम सुरू होतं. तार खरवडू न देता दाबून बसवायची, बांधायची. चार महिने लागतात शिकायला. ते कुशल काम आहे.”

नानासाहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, उलट एखाद्या विद्यार्थिनीने आपणहून गणित सोडवून दिल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. “बाई, म्हणजे त्यांचं काम तुमच्या कामासारखंच आहे, असंच तुम्ही सांगताय. मग आमची तुलना बरोबरच ठरली की. आणि त्या कामाचा दर तिथे हेल्परचा आहे. आम्ही दर ठरवत नाही, जो चालू आहे तो लिहून घेतो.”

“तिथे त्यांना फसवलंय म्हणून सरकारने मला फसवायचं?”

“शब्द जपून वापरा.”

“तुम्ही वापरला का जपून?” तिचा आवाज चढला आणि तिने तो उतरवला नाही. “निसर्गतः. कुणी लिहिलं ते?”

गणराजने खाली बघतच टॅबवर बोट फिरवलं. “मॅडम, त्यात तीनच पर्याय असतात. प्रशिक्षण, अनुभव, निसर्गतः. मी तुम्हाला विचारलं होतं, हे कुठून शिकलात. तुमचंच वाक्य लिहून घेतलंय मी.” त्याने वाचलं, “‘हे माझ्या आईकडून आलंय.’”

खोलीत पंखा फिरत होता. सादिकाला ते वाक्य आठवलं. पट्टी खाचेत सरकवताना, मान वर न करता, किती अभिमानाने म्हटलं होतं तिने ते. आणि या पोराने ते डोळ्यांचा रंग आईकडून येतो तसं ऐकलं. त्याच्या घरात कुणी आईकडून काही शिकलं नसेल का? की शिकलं, आणि त्यालाही तेव्हा ते शिकणं वाटलं नाही?

“आईकडून आलंय म्हणजे तिने मला मारून शिकवलंय,” ती म्हणाली. “आठ वर्षांची होते. वेढे चुकले की सगळी तार उलटी. दोन वर्षं ओठांना फोड होते माझ्या. आणि तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती स्वतःचे हात मोडून शिकली. शेवटी तिला पाण्याचा पेला धरता येत नव्हता. ह्याला रकाना आहे का तुमच्याकडे?”

मग नानासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, “गणराज, तो शब्द काढून टाका. कुणाला दुखवायचा हेतू नव्हता.”

“आणि वर्ग?”

“वर्ग गुणांवर ठरतो. शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही.”

“मग खोडू नका.”

“अहो, तुमच्यासाठीच काढतोय.”

“नको. शब्द गेला की नुसतं अर्धकुशल राहील. का, ते कुणाला कळणारच नाही. राहू द्या तो, आणि त्याच्याखाली मी सांगते ते लिहा.” ती गणराजकडे वळली. “लिहा. पहिल्यापासून सांगते. जळलेली मोटर आली की आधी काय बघायचं, तिथून.”

तो अध्यक्षांकडे बघायला लागला. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हाताने ‘लिहा’ अशी खूण केली, वाद टळावा म्हणून. त्याने लिहायला घेतलं. ती सांगत राहिली, त्याने गाळलं तिथे थांबवून पुन्हा सांगत राहिली. पिंकीचा अंगठा सांगितला. नाव न घेता, पण चीर नखाच्या कुठल्या बाजूला पडते ते सांगितलं. पाऊण तास लागला. शेवटी गणराजचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि पर्याय निवडायचं सोडून तो नुसता लिहीत होता.

घरी तिने एहसानला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “देत होते ते घ्यायचं होतंस.” ती म्हणाली, “तू पिंकीला वर जाऊन सांग की ती बटण दाबते.” तो गेला नाही. दोन दिवस ते एकमेकांशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंकीची बंद पडलेली स्कूटी जिन्याखाली उघडून बसलेला दिसला, तिने सांगितलेलं नसताना.

आदेश दोन महिन्यांनी आला. मोटर वाइंडर, अर्धकुशल. हरकत अमान्य, तिचं निवेदन परिशिष्ट म्हणून जोडलं आहे. सादिकाने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, कारण आता तिला कागद वाचायची सवय लागली होती, आणि चौथ्या पानावर तिला एक कलम सापडलं. दुरुस्त यंत्राच्या अंतिम चाचणीपत्रावर स्वाक्षरीचे अधिकार फक्त कुशल वर्गास राहतील. आजवर ती सही सादिका आणि सोजराबाईच करत आल्या होत्या. ती ते तीनदा वाचून सोजराबाईला दाखवायला गेली. सोजराबाईने चष्मा लावला, वाचलं, आणि या सगळ्या भांडणात पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलली, “बरं झालं. आता सही त्यांनीच करावी.”

त्या सोमवारी अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांचा पंप भरून झाला. सादिकाने चाचणी घेतली, मोटर फिरवून पाहिली, आवाज स्वच्छ होता. तिने चाचणीचा कागद मोटरवर ठेवला आणि हात पुसले. कार्यशाळेचे प्रमुख शेखरसाहेब आले. “सही राहिली, सादिकाबाई. क्वार्टर्सवरून दोन फोन येऊन गेले. टेम्पो दारात आहे.”

“मी अर्धकुशल आहे, साहेब. मला अधिकार नाही.” तिने चौथं पान पुढे केलं.

त्यांनी वाचलं. चेहरा लाल झाला. “सोजराबाई?”

“मी बी अर्धीच हाय,” सोजराबाई म्हणाली.

“हे बघा, आजवर करत होता ना सही? तशीच करा.”

“आजवर मी चोरून कुशल होते की काय?” सादिका म्हणाली. “आता लेखी आलंय. मोडायचं असेल तर तसं लेखी द्या.”

शेखरसाहेब वळले. “विलास, इकडे ये. तू कुशल आहेस. कर सही.”

विलास आला. त्याने पेन घेतलं, कागदावर वाकला, वेढ्यांची संख्या, जोडणी, आवरणाची चाचणी अशा ओळी त्याने बोट ठेवून वाचल्या. शेडमधली यंत्रं एकेक करून थांबत होती. तो सादिकाकडे बघत नव्हता, मोटरकडे बघत होता. चौदा वर्षं जिची खोळ तो उघडत आणि लावत आला होता तिच्या आत काय असतं ते तो पहिल्यांदाच शोधत असावा.

“साहेब, मी बोल्ट काढतो आणि लावतो,” तो म्हणाला. “आतलं मला येत नाही. सही कशी करू?” आणि त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

साहेब फोन कानाला लावून ऑफिसकडे गेले. सादिका स्टुलावर बसली. आनंद झाला नव्हता. राग होता तिथेच होता, फक्त आता तो तिच्या एकटीच्या अंगात नव्हता, शेडभर होता, आणि त्यामुळे श्वास घ्यायला थोडी जागा झाली होती. भरून, तपासून तयार असलेली मोटर टेबलावर चकाकत होती. सोजराबाईने तिच्या शेजारी दुसरी आणून ठेवली. दारात टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता. बऱ्याच वेळाने टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तो सावलीत जाऊन बसला.